दिवसाला वीस आवतणं

नोएडा
२४ सप्टेंबर २००६

ताई,

आणि पत्राच्या शेवटी ते ‘अरे, तुझंही बोर्डिंगच की ते’ असं जे लिहिलंयस ना, ते आधी खोड. माझं कसलं बोर्डिंग? नववीत असताना रेक्टरसाहेबांनी माझी ट्रंक व्हरांड्यात आणून आपटली, पटावरच्या माझ्या नावावर लाल रेघ मारली, आणि तू जिन्यापाशी मान खाली घालून उभी होतीस. आठ वर्षं झाली त्याला. आता तेच रेक्टरसाहेब संस्थेचे अध्यक्ष होऊन बोर्डिंग बिल्डरला विकाय निघालेत, तर विकू देत. सात मजली दुकानं होऊ देत तिथं. मला काय त्याचं?

भांडायला पत्रच बरं. फोनवर तू रडाय लागतीस आणि माझा बॅलन्स संपतो.

तू लिहितीस, तुमच्या बचाव समितीच्या बाळासोदादांनी एका बटणात सहाशे चाळीस माजी विद्यार्थ्यांना मेल सोडली आणि उत्तरं आली दोन. त्यावर तू दोन पानं भरून रडलीस. माणसं मोठी झाली, विसरली, बेइमान झाली. ताई, माणसं बेइमान न्हाईत. तुमची मेल पोचलीच न्हाय.

हे मी सांगतोय, कारण माझं पोट त्यावरच चालतं. आलो तेव्हा या हापिसात फरशी पुसत होतो. आता साहेबांच्या जाहिरातीच्या दोन हजार मेल रोज मी सोडतो. तर ऐक. फुकटच्या खात्याला दिवसाचं माप असतं. जुनं, चालतं खातं असलं तर शंभरभर जातात. नवं असलं तर दहा-पंधराच सोडाव्यात. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी वीस बैठका सांगतो. पोरगं हजार माराय गेलं, तर चार दिवस त्याला जिना चढता येत न्हाय. खात्याचं तसंच. रोज थोडं थोडं वाढवायचं. समोरून उत्तरं आली की त्याची पत वाढते. बाळासोदादांनी काल उघडलेल्या खात्यातनं आज सहाशे चाळीस सोडल्या, त्याही सगळ्यांना एकच मजकूर, वर नाव न्हाय की गाव न्हाय. रिक्षातनं हँडबिलं उडवतात तसं. शंभर बाहेर पडल्या असतील, बाकीच्या दारातच अडल्या. ज्या पडल्या त्या पलीकडच्या मशिनीनं न वाचता कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. त्या दोघांनी कचरा चिवडला असणार, म्हणून त्यांची उत्तरं आली.

माणसाला वाटलं पाहिजे की हे मलाच लिहिलंय. वर त्याचं नाव पाहिजे, आणि बोर्डिंगच्या बाहेर कुणाला ठाऊक नसलेली त्याची एक तरी गोष्ट पाहिजे. असल्या दिवसाला वीस. पण वाचल्या जातील.

एवढं फुकट सांगितलं. पुढं तुमचं तुम्ही बघा. मी यात न्हाय.

प्रसेनजीत

ता. क. बाळासोदादांना ते खातं परत उघडू देऊ नको, त्याची पत गेली. नवीन काढा. विचारलं न्हाईस, तरी सांगतो.


जयसिंगपूर
३ ऑक्टोबर २००६

चि. प्रसेन,
सप्रेम जय भीम.

मान खाली घातली होती, हे खरं आहे. डी.एड.चं शेवटचं वर्ष होतं माझं. मी बोलले असते तर एकीऐवजी दोन ट्रंका व्हरांड्यात आल्या असत्या, असा हिशेब मी त्या जिन्यापाशी उभं राहून केला. हिशेब बरोबर होता. तरी आजपर्यंत तो मला पचलेला नाही. यावर तुला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. पण आता कामाचं बोलू दे.

संस्थेच्या घटनेत एक कलम आहे. दीडशे माजी विद्यार्थ्यांनी सहीनिशी लेखी हरकत घेतली तर अध्यक्षांना जागा विकता येत नाही. सभा २६ नोव्हेंबरला, रविवारी. कागद आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या हातात हवेत, पोस्टानं नाहीतर फॅक्सनं. आज बोर्डिंगात चौऱ्याहत्तर मुलं-मुली आहेत. निम्मी राधानगरीकडची. तिकडे पावसाळ्यात चार-चार दिवस एसटी येत नाही, म्हणजे बोर्डिंग गेलं की त्यांची शाळाही गेली. मनाली नावाची आठवीतली मुलगी परवा मला विचारत होती, ‘बाई, दुकानं झाल्यावर आम्ही कुठल्या मजल्यावर राहायचं?’

तुझं पत्र मी समितीत वाचून दाखवलं, शिव्या गाळून. बाळासोदादा म्हणाले, “वारणानगरच्या कारखान्यात अख्खी मशिनरी मी सांभाळतो, आणि नववी नापास पोरगा मला बटण दाबायला शिकवणार?” फक्त तुला कळवते आहे.

दसऱ्याच्या सुट्टीत तीन दिवस मी आण्णांजवळ बसले. आपले आण्णा, बोर्डिंगचे आचारी. चाळीस वर्षं त्यांनी तिथं वाढलंय. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कुठल्या खोलीतलं पोरगं किती भाकरी खायचं ते अजून पाठ आहे. मी यादीतलं एकेक नाव वाचलं आणि ते सांगत गेले. अकरा पानं झाली. सोबत जोडली आहेत. वानगीदाखल दोन देते:

‘दिनकर, सात नंबर. डब्यातला गूळ चोरून खायचा. मुंग्या रांगेनं थेट ह्याच्या ट्रंकेत. मुंग्यांनी पकडून दिलेला चोर ह्यो एकटाच.’

‘विलास, चार नंबर. आंघोळीचा कंटाळा, पण अत्तर पायजे.’

दिनकर आता मस्कतला मोठ्या हुद्द्यावर आहे. विलास नागपूरला वीज मंडळात.

यादीत तुझं नाव नाही; मीच ते घेतलं. आण्णा म्हणाले, “फुडचं नाव वाच.”

तूच कर, प्रसेन. आणखी कुणाला जमणार नाही.

तुझी
संघप्रियाताई


नोएडा
२९ ऑक्टोबर २००६

ताई,

बाळासोदादांना सांग, नववी ‘नापास’ न्हाय. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं. मला बसू दिलं न्हाय.

आणि हे मी तुझ्यासाठी करत न्हाय, बोर्डिंगसाठी तर न्हायच. रेक्टरसाहेबांच्या नाकावर टिच्चून करतोय. हे एकदा लिहून ठेवलं म्हणजे बरं.

हापिसाची किल्ली माझ्याकडं असते. सात वाजता उघडतो, नऊला साहेब येतात. त्या दोन तासात आपल्या मेल. मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरात. दहा तारखेला सुरुवात केली. पहिले चार दिवस दहा-दहा, मग सहा दिवस पंधरा-पंधरा, आणि त्यानंतर रोज वीस. आज सकाळपर्यंत तीनशे तीस गेल्या. सगळ्या हातानं लिहिलेल्या. साहेबांच्या धंद्यात वीस खोटी खाती उघडायची आणि एक बंद पडलं की दुसऱ्यातनं सोडायची, अशी रीत हाय. मी आपल्यासाठी एकच खातं ठेवलंय. बोर्डिंगच्या नावानं खोटी तोंडं करणं मला जमायचं न्हाय.

दिनकरला विषय लिहिला, ‘सात नंबरचा गूळ’. चार मिनिटात उत्तर! ‘कोण रे तू? मुंग्यांचं तुला कुणी सांगितलं? माझ्या बायकोला पण ठाऊक नाही.’ दुपारी त्याचा फॅक्स तुला आला असेल बघ. विलासनं लिहिलंय, ‘कागद पाठवतो, पण अत्तराचं सभेत वाचू नका.’ आतापर्यंत शंभरावर चार जणांची उत्तरं आली. मी सगळी वहीत उतरवून घेतो, नाव, खोली, फोन नंबर. साहेब हसतात, मशिनीत असताना वहीत कशाला म्हणून. मशिन माझ्या बापाचं न्हाय, वही माझी हाय.

मेलखाली सही करतो, ‘प्र. कांबळे, खोली नंबर नऊ’. तुला आवडणार न्हाय. पण लाल रेघ मारली ती पटावरच्या नावाला. खोलीला न्हाय.

राहिल्या तीनशे दहा. दिवसाला वीसनं चौदा नोव्हेंबरला संपतील. हातात दहा दिवस उरतात. पुरे.

खात्याचा पासवर्ड मागच्या बाजूला लिहिलाय. आलेली उत्तरं वाचाय म्हणून. वाचाय. पाठवाय न्हाय. एकसुद्धा न्हाय. बाळासोदादा त्या खुर्चीत बसलेले मला चालणार न्हाईत.

आण्णाची अकरा पानं मी तीनदा वाचली. म्हातारा काही विसरत न्हाय, हे मला तुझ्या आधीपासनं ठाऊक हाय.

प्रसेनजीत


जयसिंगपूर
६ नोव्हेंबर २००६

प्रसेन,

काल रात्री दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणजे तुला कळलंय. तरी सगळं लिहिते, कारण यात माझा हात आहे.

तुझ्या मेल पोचायला लागल्या आणि बोर्डिंगचं जुनं मोहोळ उठलं. माणसं एकमेकांना फोन करायला लागली. ‘तुला आलं? मला कसं नाही?’ चार नंबरच्या खोलीला आलेलं, पाच नंबरला नाही. मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहेत त्या झुंबरबाई, त्यांनी मला फोनवर फैलावर घेतलं: “दिनक्याला मस्कतात आवतण जातंय आणि मी हितं अर्ध्या तासावर हाय तर मला न्हाय? आमची काय चूल येगळी हाय व्हय?” मी सांगितलं, रोज वीसच जातात, तुमचाही नंबर येईल. तर म्हणाल्या, “नंबर लावायला आमी काय रेशनला उभं हाय?” असे सात फोन आले. दोघांनी तर सांगितलं, आता बोलावलंत तरी सही करणार नाही.

रविवारी आम्ही आण्णांकडं बसलो होतो. आण्णांनी हे ऐकलं आणि भडकले. “आवतान असं तुकड्या-तुकड्यानं देत्यात व्हय गं? चूलबंद आवतान म्हंजे त्या दिवशी कुणाच्याच घरात चूल पेटवायची न्हाय, समद्यांनी आपल्याकडं जेवायला यायचं. ते एका दिवसात गाव फिरून द्यायचं असतंय. मागनं आलेलं आवतान म्हंजे उष्टं! कोण घेईल?” बाळासोदादा म्हणाले, राहिलेत किती? एकशे सत्तर. मग त्याला काय होतंय, शंभरच्या हिशेबानं दोन दिवसांचं माप एका दिवसात.

स्टेशनजवळच्या नेट कॅफेत गेलो. पासवर्ड मी घातला. बाळासोदादांनी नाही, मी. आणि बसल्यावर त्यांनी एकशे सत्तर नाही, पुन्हा सगळ्या सहाशे चाळिसांना सोडली. कुणी रुसायला नको म्हणून.

संध्याकाळी खातं बंद. पाठवता येत नाही, आलेलं वाचताही येत नाही. मालकानं तीन वेगवेगळ्या मशिनींवर करून बघितलं.

माझ्या हातात कागद एक्काहत्तर. एकोणीस दिवस राहिले.

बाळासोदादा कालपासून फोन घेत नाहीत. आण्णा जेवले नाहीत. मी यावेळी मान खाली घातलेली नाही, सरळ तुला सांगते आहे: चूक माझी आहे. आता काय करायचं ते सांग.

ताई


नोएडा
(पत्ता बदललाय, पाकिटावर बघ)
१२ नोव्हेंबर २००६

ताई,

सोमवारी सकाळी सात वाजता खातं उघडाय गेलो आणि लाल अक्षरं बघितली. लाल रेघेची मला सवय हाय. तरी मशिन तसंच सोडून उठलो. मग खाली जाऊन चहा प्यायलो. चहावाल्याला काय कळणार, पण त्याला कोल्हापुरीत दोन शिव्या हासडल्या. तो म्हणाला, हाँ भैया, सही बात है.

नवीन खातं काढू नका. त्याला परत दहापासनं तापवत आणावं लागणार, तेवढे दिवस आपल्याकडं न्हाईत.

सोमवारी रात्री तू फोनवर सांगितलेलं आण्णाचं बोलणं दोन दिवस डोक्यात फिरत होतं. म्हाताऱ्यानं खातं बुडवलं, पण बोलला ते खोटं न्हाय. आवतण एका दिवसातच गेलं पाहिजे. आणि रुसलेलं माणूस सही करत न्हाय, हे कुठल्या मशिनीत लिहिलेलं नसतं. माझंच चुकलं. मी माप बघितलं, माणसं बघितली न्हाईत. पण आण्णापण एक गोष्ट विसरला. गावात चूलबंद आवतण एकटा माणूस देतो व्हय? गल्लीला एक माणूस असतो. चार गल्ल्यांना चार जण सुटतात आणि दिवस मावळायच्या आत गाव फिरून होतं.

म्हणून वही काढली. बोर्डिंगच्या खोल्या बारा. प्रत्येक खोलीला एक खोलीप्रमुख असायचा, आठवतं? हजेरी घेणारा, बादल्या मोजणारा. बुधवारपासनं एकेकाला फोन लावत बसलो. सात नंबरचा दिनकर, चार नंबरचा विलास, असे अकरा मिळाले. प्रत्येकाला त्याच्या खोलीची राहिलेली नावं दिली, कुणाला तेरा, कुणाला पंधरा, आणि आण्णानं सांगितलेली एकेकाची खूण वाचून दाखवली. त्यांनी आपापल्या खात्यातनं लिहायचं. त्यांची खाती जुनी, नावं वळखीची, आणि तेरा-पंधरानं कुणाचंच माप भरत न्हाय. मशिनीला वाटणार, माणूस मित्राला लिहितोय. खोटं काय त्यात? लिहितोच हाय.

पाच नंबर झुंबरबाईंना दिली. पहिल्यांदा फोन आपटला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “आमाला आवतण न्हाय, आणि आता आमीच आवतणं वाटायची?” मी म्हटलं, बाई, घरचं माणूसच आवतण द्याय जातं, पावणं न्हाय. मग म्हणाल्या, “सांग नावं.”

नऊ नंबरचा प्रमुख काही सापडला न्हाय. तेव्हा नऊ नंबरचा प्रमुख मी. माझ्या स्वतःच्या खात्यातनं चौदा.

आज रविवार. आज सकाळी दहाच्या ठोक्याला बारा ठिकाणांहून एकदम सुटल्या. आण्णाला सांग, गाव एका दिवसात फिरून झालं. कुणाच्या घरी उष्टं गेलं न्हाय. आणि जेव म्हणावं आता.

कागद आले की मोजत बसू नको. पहिल्यांदा त्यावर सही हाय का बघ. शिकलेली माणसं सही विसरतात.

प्रसेनजीत


जयसिंगपूर
२८ नोव्हेंबर २००६

प्रसेन,

एकशे त्र्याऐंशी. त्यातले चार सहीविना आले होते, तू म्हणालास तसे. ते बाजूला काढून एकशे एकोणऐंशी.

आता सभेचं ऐक. हॉल भरला होता. झुंबरबाई पहिल्या रांगेत. मी गठ्ठा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरचे दहाबारा कागद चाळले आणि शांतपणे म्हणाले, “ही मोहीम चालवली कुणी? प्र. कांबळे, खोली नंबर नऊ. या मुलाला मी १९९८ साली काढून टाकलं आहे. वर्धापनदिनाच्या जेवणाला ह्यानं परस्पर मागची अख्खी गल्ली बोलावली. तीनशे माणूस आलं. प्रमुख पाहुणे उपाशी परत गेले. ज्याचं नाव पटावर नाही, त्यानं संस्थेच्या नावानं गोळा केलेल्या हरकती मी का स्वीकारू?”

बाळासोदादा कलमाचं पुस्तक चाळायला लागले. मी उठणार तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आण्णा. त्यांना काठी सापडेना, तर शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

“सायेब,” म्हणाले, “त्या वर्साला अनुदान अडाकलं व्हतं. दीड म्हैना कोठीत दाणा नव्हता. तवा पोरांस्नी भाकरी कुणी घातली? मागच्या गल्लीनं. लालबी रोज वीस भाकरी भितीवरनं द्यायची. तानाबाई कालवण द्यायची. खीर शिजवली तवा माझ्या घशाखाली उतरंना. मी त्या पोराला म्हनालो, जा, गल्लीला चूलबंद आवतान दे. त्ये गेलं. मी सांगितलं म्हनून गेलं. आन् तुमी त्येची ट्रंक भाईर काडली तवा मी हितंच व्हतो, हातात झारा धरून. बोललो न्हाय. नोकरी जाईल म्हनून बोललो न्हाय. आता काय काडताय माझं? काडा.”

मग मी उठले. मीही त्या दिवशी जिन्यापाशी होते आणि बोलले नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. वर बघून सांगितलं.

पुढचं थोडक्यात लिहिते. झुंबरबाई म्हणाल्या, “हरकती आमच्या हायत, सह्या आमच्या हायत. पोष्टमन कोण हाय ते कशाला इचारता?” टाळ्या थांबेनात. विक्रीचा ठराव बारगळला. दुसरा ठराव बाळासोदादांनी मांडला, हे लक्षात ठेव: १९९८ची कारवाई रद्द, आणि प्रसेनजीत कांबळे यांनी रीतसर अर्ज व अकरा रुपये वर्गणी पाठवल्यास त्यांचं नाव माजी विद्यार्थी म्हणून पटावर घ्यावं.

आठ वर्षांत तू आण्णांचं नाव मला एकदाही सांगितलं नाहीस. मला तरी सांगायचं होतंस.

आण्णा रोज विचारतात, पोराचं पत्र आलं का? म्हणाले, “शिव्या दिऊ दे, पण लिही म्हणावं.”

आणि पाकिटावरचा पत्ता का बदलला? नोकरीचं काय झालं? हे टाळू नकोस.

ताई


नोएडा
५ डिसेंबर २००६

ताई,

नोकरी गेली न्हाय, मी सोडली. दोन्हीत फरक हाय.

सात नोव्हेंबरला साहेब लवकर आले. मी वही पुढं घेऊन बसलो होतो. त्यांनी ती चाळली, शेजारच्या पोराकडनं वाचून घेतली, आणि डोळे चमकले त्यांचे. म्हणाले, ही तर सोन्याची यादी हाय. नावानिशी, खुणेनिशी, परदेशातली माणसं. आपल्या प्लॉटची जाहिरात हिच्यावर सोडू. खाली सही तुझीच ठेव, खोली नंबर नऊ. पगार दीडपट. मी म्हटलं, साहेब, तुमची दोन हजार मी रोज सोडतो, तोंड उघडत न्हाय. पण ह्या माणसांना मी आवतण दिलंय. जेवाय बोलवून पाकीट माराय मला जमायचं न्हाय. ते म्हणाले, मग किल्ली ठेव. ठेवली. वही उचलली आणि निघालो. आता एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावतो. पाठ दुखते, पण मान मोकळी हाय. लगेच रडत फोन करू नको.

आण्णाला सांग, शिव्या देणार न्हाय. त्याचं नाव मी घेतलं न्हाय त्याला फार मोठं कारण नव्हतं. त्या दिवशी खीर चांगली झालती. आणि लालबीची पोरं पहिल्यांदा आपल्या पंगतीला बसलेली मी बघितली होती. ज्यानं हे घडवलं त्याला घराबाहेर काढायचं व्हय? एक ट्रंक बाहेर गेली तेवढी बास होती.

बाळासोदादांना म्हणावं, ठरावाबद्दल जय भीम. मेलच्या खुर्चीपासनं मात्र लांबच राहा.

तुझ्याबद्दल काय लिहू? वर बघून सांगितलंस, एवढं मला पुरतं. जिन्याचं भांडण मी आजपासनं बंद करतो. दुसरं काहीतरी काढीन.

आता तुमच्या ठरावाचं. रीतसर अर्ज मी करणार न्हाय. मी चूक केली नव्हती, तर परत घ्या म्हणून अर्ज कशाचा? माफीचं पत्र तर मागूच नका. सभेला वाटलं तर तिनं मला लिहावं. आणि पटावरची ती लाल रेघ खोडू नका. खाडाखोड करून त्याच जागी नाव घालाल, तर मी येऊन परत काढीन. रेघ आहे तशी राहू दे, पुढच्या पोरांना दिसू दे. तिच्या खाली नवीन ओळीत लिहा: प्रसेनजीत कांबळे, खोली नंबर नऊ, खोलीप्रमुख.

वर्गणी मात्र बाकीच्या सगळ्यांनी भरली तीच भरणार. जास्त न्हाय, दान म्हणून तर न्हायच, आणि कुणी माझी म्हणून भरलेली चालणार न्हाय. तू भरली असशील, तर तुझी परत घे. आज पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली. पाठवायचा खर्च इथं वेगळा भरला, तो त्यात धरू नको. निरोपाच्या जागेत काही लिहिलं न्हाय, कोरी सोडलीय. पावती माझ्या नावानं फाडायला सांग, पुरं नाव घालून.

पाठवलेत: रुपये अकरा फक्त.